तीन दिवस दाबून ठेवलेला निरोप

बशीरभाईंची आई गेली, हे मला त्यांच्या तीन दिवस आधी माहीत होतं.

आज सकाळी बशीरभाई स्वतः गेले. श्रीनगरला, आपल्या घरात.

म्हणून हे लिहिते आहे. समजूत घालणाऱ्या कमेंट्स नकोत.

नव्वदीच्या दशकात मी शारजातल्या एका काश्मिरी वस्तूंच्या दुकानात मॅनेजर होते. मालक मराठीच. शाली, पेपरमॅशेचे डबे, अक्रोडाच्या लाकडाच्या कोरीव पेट्या. आणि दर्शनी काचेमागे एक माग.

त्या मागावर बशीरभाई गालिचा विणत. येणारे-जाणारे थांबून बघत आणि मग आत येत.

गालिच्याची नक्षी कागदाच्या लांब पट्टीवर खुणांमध्ये लिहिलेली असते. तिला तालीम म्हणतात. एकाने ती गाण्यासारखी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने गाठी मारायच्या आणि 'हां' म्हणायचं.

बशीरभाईंना जोडीदार नव्हता. वाचणारे तेच, विणणारे तेच.

"मॅडम, जवाब न आए तो हाथ भटकता है."

म्हणून काउंटरवरून 'हां' मी म्हणायचे. शाली दाखवता दाखवता, फोन घेता घेता.

एका बुधवारी दुपारी फोन वाजला. नजीर, त्यांचा धाकटा भाऊ. लाइनवर नुसती खरखर.

"मॅडम, अम्मी गुज़र गईं. भाईजान को बोल दीजिए. यहाँ कर्फ्यू है, मैं दोबारा फोन नहीं..."

लाइन कटली.

बशीरभाई दहा पावलांवर बसले होते. माझ्याकडे पाठ.

तो गालिचा एका लोकल, म्हणजे तिथल्या अरब बाईंच्या मुलीच्या लग्नासाठी होता. शनिवारी सकाळी द्यायचा. चार बोटं विणायचं राहिलं होतं. मालक पुण्याला.

मी मनात भराभर मांडणी केली. दफन आजच होणार. हे कसेही पोहोचणार नाहीत. आत्ता कळलं तर हात चालणार नाही. तीन दिवसांनी कळलं तर काय बिघडलं?

मी निर्णय पटकन घ्यायचे. त्याचा मला अभिमान होता.

"किसका फोन था, मॅडम?"

"जबल अली पोर्ट से. कंटेनर का."

ते पुन्हा पट्टीकडे वळले. "दो लाल, एक बादामी..."

"हां," मी म्हटलं.

गुरुवारी त्यांनी विचारलं, घरून बरेच दिवस फोन कसा नाही? मी म्हटलं, लाइन बंद असेल, आएगा, इन्शाल्ला.

माझा आवाज जराही हलला नाही. हे मला आज जास्त आठवतं.

शुक्रवारी दुपारपर्यंत दुकान बंद असे. गालिचा संपत आला म्हणून बशीरभाईंनी सगळ्या स्टाफला जेवायला बोलावलं. मागच्या खोलीत त्यांनी सकाळपासून दगडावर मटण कुटलं. अक्रोडाच्या लाकडाची मोगरी, गावाहून बॅगेत घालून आणलेली. त्याचे मोठे गुळगुळीत गोळे, दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात. गोश्ताबा. दही फाटू नये म्हणून ते डाव थांबवतच नव्हते. घाम पुसायलासुद्धा नाही.

त्यांच्याकडे चौघांनी एका थाळीत जेवायची पद्धत. मी कुणाच्या ताटात हात घालत नसे. दरवेळी माझी प्लेट वेगळी, हे सगळ्यांना ठाऊक.

त्या दिवशी ते ऐकेनात.

"आज अलग प्लेट खलास, मॅडम. अम्मी कहती हैं, अकेले का खाया लगता नहीं."

कहती हैं.

मी त्यांच्या थाळीला बसले. सगळ्यात मोठा गोळा त्यांनी माझ्या बाजूला सरकवला. मी तो खाल्ला. अख्खा.

"कैसा है?"

"अच्छा है," मी म्हटलं.

शनिवारी गालिचा मागावरून उतरला. बाईंचा ड्रायव्हर येऊन घेऊन गेला. गाडी वळली आणि मी त्यांना सांगितलं.

 त्यांनी विचारलं, "कब?"

"बुधवारी. बुध को."

त्यांनी बोटांवर मोजलं. बुध. जुमेरात. जुम्मा.

"जिस घर में मौत हो, वहाँ तीन दिन चूल्हा नहीं जलता, मॅडम. पड़ोसी खाना लाते हैं."

मग म्हणाले,

"मैंने दावत पकाई."

आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

फक्त म्हणाले, "पासपोर्ट दे दीजिए."

स्टाफचे पासपोर्ट माझ्याच ड्रॉवरमध्ये असत. काढून दिला.

त्याच संध्याकाळी ते गेले. परत आले नाहीत. मोगरी मागच्या खोलीत तशीच राहिली. मी पत्र लिहायला बसले होते, दोनदा. 'प्रिय बशीरभाई'च्या पुढे काही सुचलं नाही.

हे मी मुलीला एकदाच सांगितलं. ती इथेच वाढलेली, दुबईत ऊद मेथाच्या शाळेत शिकलेली. म्हणाली, "आई, यू वेअर जस्ट डूइंग युअर जॉब."

नाही. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मालकांना तर मी नंतर कळवलं.

आता शारजाशेजारच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये दुपारी एकटी असते. कधीकधी आतल्या खोलीतून स्पष्ट ऐकू येतं. दो लाल, एक बादामी.

माझ्या तोंडून 'हां' निघून जातं.

परवा मुलीने ऐकलं. "हू आर यू टॉकिंग टू?" मी म्हटलं, कुणाशी नाही.

आज सकाळी चहा घेताना नजीरचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा नंबर त्याने जुन्या स्टाफकडून मिळवला होता, म्हणे.

"भाईजान आज फज्र के वक़्त गुज़र गए. कह गए थे, मॅडम को सबसे पहले ख़बर करना. एक घंटा भी मत रुकना."

मी तो कितीदा वाचला, माहीत नाही.

टोमणे मारणारा माणूस नव्हता तो. मनापासूनच सांगितलं असणार. म्हणूनच जास्त भीती वाटते.

बशीरभाई, निरोप पोहोचला.

माफी मागायला मी फार उशीर केला. शांत झोपा.