मामांचा बिब्बा

मराठवाड्यात आयुर्वेद टिकून राहिला तो एका माणसामुळे, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. व्यवसायाने ते लातूरचे किराणा दुकानदार. औषध त्यांच्याकडे एकच, बिब्बा. दुकानावर पाटी होती, ‘तालुक्यात प्रसिद्ध’. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा पेंटरला बोलावून त्यांनी ‘तालुक्यात’ खोडून ‘जिल्ह्यात’ करून घेतलं. बिब्ब्याच्या गुणात त्यामुळे काही फरक पडल्याचं मला दिसलं नाही. पण त्या दिवसांत गावात बऱ्याच जणांची बढती याच पद्धतीने झाली होती, आणि मी स्वतः नव्या कचेरीच्या टंचाई शाखेत कारकून असल्याने गप्प राहिलो.

बिब्ब्याचा गुण मात्र नाकारता येत नाही. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका संध्याकाळी दुकानासमोर टाचा पुढे करून बसत. भेगा अशा की त्यांत खडे अडकत. मामा बिब्बा सुईला टोचून चिमणीवर धरत आणि त्याचं काळं, उकळतं तेल भेगेत सोडत. बाई किंचाळे. “वरड, वरड,” मामा शांतपणे म्हणत, “वरडल्याबिगर बिब्बा बसत न्हाई.” आठ दिवसांनी तीच बाई नीट पावलं टाकत कामावर जाई. हे मी स्वतः पाहिलं आहे. एका तलाठ्याच्या गुडघ्यावर मात्र बिब्बा उतला, फोड आले, पाय मांडीपर्यंत सुजला. तो लंगडत भांडायला आला तेव्हा मामांनी पायाकडे बघून विचारलं, “पाय जाग्यावर हाय ना? मग बोंबलून काय राहिलास?”

पोटात घ्यायचा बिब्बा त्यांनी आयुष्यभर एकाच रोग्याला दिला, तो म्हणजे मामींना. मामींना दमा होता. दर हिवाळ्यात मामा बिब्ब्याचे थेंब दुधात पाडत आणि वाटी आत पाठवत. नियम एकच. आधी ओठांना, जिभेला, टाळूला तूप चोपडायचं, मगच वाटी तोंडाला लावायची. तूप नसेल तर बिब्बा घसा जाळतो. म्हणून मामा दुकानातून ओरडून विचारत, “तूप लावलं का?” आतून मामी म्हणत, “हाव, लावलं.” या प्रश्नोत्तरांवर तीस वर्षं निभावली होती. घरात म्हैस होती, तोवर उत्तर खरं होतं. त्या वर्षी म्हैस चाऱ्यासाठी छावणीला गेली.

एका सकाळी मी टँकर घेऊन त्यांच्या गल्लीत आलो. पाण्याची रांग लागण्याआधी चहा घ्यावा म्हणून आत गेलो, तर मामी चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुजून उलटले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. शेजारी रिकामी वाटी. मामा त्यांना सुकं खोबरं भरवायला बघत होते आणि ते गिळलं जात नव्हतं.

“मामा, दवाखान्यात नेऊ.”

“थांबा जावईबापू. खोबऱ्यानं उतरतंय. तूप लावलं व्हतं तिनं, मी इचारलं की.”

मी फळीवरचा तुपाचा डबा उघडला. तो धुऊन पुसून उपडा घातल्यासारखा कोरडा होता. मामींनी डोळे मिटले. मामा डब्याकडे बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “मग मला रोज भाकरीवर कुठून येत व्हतं?” याचं उत्तर द्यायला मामींना आवाज उरला नव्हता. उरलंसुरलं मामांच्याच भाकरीवर संपलं होतं.

गल्लीत वाहन एकच होतं, माझा टँकर. मामींना केबिनमध्ये बसवलं, मी दाराशी लटकलो, मामा फूटबोर्डवर. ड्रायव्हरने गाडी काढली आणि पन्नास पावलांवर थांबवली. रांगेतल्या बायकांना वाटलं, आमचं पाणी दुसऱ्या गल्लीला चाललं. घागरी आडव्या लावून त्या रस्त्यातच बसल्या.

“आमच्या पोटावर पाय देता व्हय?”

“कारकुनाच्या सासुरवाडीला पाणी चाललं असंल, बघा!”

मी ओरडून सांगत होतो, पण सरकारी माणसाचं त्या वर्षी कोणी ऐकत नसे. आत मामींच्या श्वासाची शिट्टी बारीक होत चालली होती. “आप्पा, तुम्ही तरी सांगा, काय झालं?” पुढची एक बाई मामांना म्हणाली. तिच्या टाचा मामांनीच भरल्या होत्या.

मामांपाशी सांगण्यासारखं बरंच होतं. दम्याचा झटका आला म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खाली उतरले, पाटी दिसेल इतक्याच अंतरावर उभे राहिले, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्याच बिब्ब्यानं माझ्या बायकोचा घसा जाळला. मरून राहिलीय ती. वाट द्या, बायांनो.”

घागरी बाजूला झाल्या. एक फुटली; तिची खापरं बाईने पायानेच बाजूला सारली.

डॉक्टरांनी सुई टोचली, नळी लावली, आणि दुपारपर्यंत सूज उतरू लागली. “आणखी थोडा उशीर झाला असता तर,” असं म्हणून डॉक्टर थांबले. मामांनीही वाक्य पुरं करायला सांगितलं नाही. भिंतीला पाठ लावून ते दिवसभर उभे होते. संध्याकाळी मामींना आवाज फुटला. त्या म्हणाल्या, “जेवलाव का?”

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर नेहमीपेक्षा जास्त रोगी होते. माणूस मरायला टेकतो म्हणजे औषध जालीम असणार, असा गल्लीचा हिशेब. मामांनी टाचा तेवढ्या तपासल्या. खोकल्याचे सगळे परत पाठवले. “तिकडं जा, सुईवाल्याकडं,” एवढंच म्हणाले. पुढे कधी मी त्यांच्याकडे बसलो असता आतून मामींचा खोकला ऐकू आला की बोलता बोलता ते थांबत, ढास संपेपर्यंत कान देत, आणि मग स्वतःशीच म्हणत, “हाय अजून.”

मामी त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, आणि अकराही वर्षं खोकत होत्या.