कण्याचा दुसरा फोटो

नवरा गेल्यावर अठराव्या दिवशी एक्स-रेवाल्या ताई कामावर आल्या, तेव्हा प्राणिसंग्रहालयाच्या दवाखान्यात सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. "वहिनी, कामात जीव रमेल," असं नणंद म्हणाली, म्हणून आल्या. शिशाचा एप्रन चढवला आणि लंगडणाऱ्या म्हाताऱ्या माकडिणीच्या कण्याचा फोटो काढून दिला.

डॉक्टरांनी तो पाहून कागदावर लिहिलं: कणा वाकडा, त्रास वाढत जाणार; सोमवारी इंजेक्शन देऊन कायमचं मोकळं करावं.

शनिवारी सकाळी फोटो फायलीत लावण्याआधी ताईंनी तो सवयीने उजेडात धरला. कमरेच्या हाडातली दोन भोकं सारखी दिसायला हवीत. इथे एक गोल होतं, दुसरं चिंचोळं. म्हणजे भूल दिलेली माकडीण टेबलावर तिरकी निजली होती. कुशीला वाळूच्या पिशव्या लावायच्या राहिल्या होत्या. अंग तिरकं पडलं की सरळ कणाही वाकडा दिसतो, हे ताई नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायच्या.

त्या डॉक्टरांकडे गेल्या. "माझा फोटो चुकलाय. परत काढायला हवा."

"तुमचा? बावीस वर्षांत चुकला नाही तो."

"या वेळी चुकला."

"म्हातारी आहे हो ती. दुसरी भूल सोसेल का?"

"सोमवारचं इंजेक्शन तरी कुठे सोसणार आहे?"

डॉक्टरांनी भुलीची सुई भरायला घेतली.

पिंजऱ्यावरचे काका भूल दिलेल्या माकडिणीला उचलून घेऊन आले. "चला बाईसाहेब, पुन्हा स्टुडिओत. आता तरी नीट पोज द्या."

ताईंनी दोन्ही कुशींना पिशव्या लावल्या. हनुवटीपासून शेपटीपर्यंत बोट फिरवून पाहिलं. मग सगळे बाहेर गेले आणि फोटो निघाला.

कणा सरळ होता. पाय चाचपल्यावर कळलं, दुखणं गुडघ्यात होतं; तो सुजला होता. डॉक्टरांनी सोमवारच्या ओळीवर काट मारली. काका चष्मा पुसत बसले. आपल्यालाही आता काहीतरी वाटेल, रडू येईल म्हणून ताई थोडा वेळ थांबल्या. काही झालं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, पहिला फोटो रद्द, चूक माझी.

मग त्या पिंजऱ्यापाशी स्टूल ओढून बसल्या. माकडीण अजून उठली नव्हती. पोट सावकाश हलत होतं.

"जेवून घ्या, मी आहे ना," काका म्हणाले.

"उठू दे तिला."

बऱ्याच वेळाने माकडिणीने डोळे उघडले, ताईंकडे पाहिलं आणि कूस बदलून पाठ केली.

ताईंनी घड्याळ पाहून ती शुद्धीवर आल्याची वेळ वहीत लिहिली. एक वाजून दहा.