गॅरेज, ट्रेलर आणि आमची होडी

काही घरांत पाहुणे जमतात, काही घरांत मांजरं. आमच्याकडे किस्से जमले, आणि तेही एकाच वस्तूचे. आम्ही जुने शेजारी अजून कधी एकत्र बसलो की कुणीतरी सहज म्हणतं, "राणे, ते गॅरेज आठवतं का?" झालं. मग चहा गार होतो, भजी मऊ पडतात आणि प्रत्येकाला आपलाच भाग सांगायचा असतो. आज मला अडवायला कुणी नाही, म्हणून मीच सगळं सांगून टाकते.

*

नव्वद सालच्या आसपास आम्ही गिरगावातलं भाड्याचं घर सोडून मीरा रोडला राहायला आलो. वन रूम किचन. पण बिल्डरशी ह्यांची कुठलीशी ओळख निघाली आणि तळमजल्यावरचं एक बंद गॅरेजही पदरात पडलं. आमच्याकडे तेव्हा सायकलसुद्धा नव्हती. शटर उघडलं की आत एक झाडू आणि रंगाचे रिकामे डबे.

स्कूटर घ्यायची असं आमचं ठरलं होतं. एका रविवारी हे मासळी आणायला उत्तनजवळच्या चौक गावात गेले. तिथे इनास नावाचा एक कोळी ह्यांच्या चांगल्या ओळखीचा झाला होता. दुपार झाली तरी ह्यांचा पत्ता नाही. मी गॅलरीत येऊन बघते, तर एक टेम्पो गेटातून आत शिरतोय आणि त्याच्या मागे ट्रेलरवर एक निळी-पांढरी फायबरची होडी! टेम्पोत ड्रायव्हरशेजारी हे, हातात पापलेटची पिशवी.

शहरातला कुणी हौशी माणूस ती इनासच्या अंगणात ठेवून परदेशी गेला होता आणि आता विकून टाकायला सांगत होता. मी खाली गेले. एवढंच विचारलं, "आणि स्कूटर?"

"हिलाही इंजिन आहे," हे म्हणाले. "फक्त रस्त्यावर चालत नाही, एवढंच."

*

होडी गॅरेजात ढकलायला त्याच संध्याकाळी अख्खी बिल्डिंग खाली उतरली. ट्रेलर उलटा ढकलताना त्याचा पुढचा दांडा डावीकडे वळवला की मागचा भाग उजवीकडे जातो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. एक जण "लेफ्ट, लेफ्ट" करतोय, दुसरा "डाबी बाजू", तिसरा "अरे सीधा लो", आणि प्रत्येक जण आपापल्या सूचनेप्रमाणे जोर लावतोय. होडी कंपाउंडमध्ये गोल फिरली आणि शेवटी पंपाच्या खोलीच्या दाराला जी घट्ट टेकली, ती हलेचना. अंधार पडला. सगळे म्हणाले, सकाळी बघू.

सकाळी पंप लावायला वॉचमनला आत शिरताच येईना. वरच्या टाकीतलं पाणी संपलं. त्या काळात मीरा रोडला पाणी म्हणजे काय चीज होती, ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक!

पहिल्या मजल्यावरून जयंतीभाई उतरले. हे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, प्लायवूडचे व्यापारी, शिस्तीचा माणूस. कमरेला टॉवेल आणि तोंडभर साबण. त्यांनी एक डोळा उघडून आधी होडीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि अगदी शांतपणे विचारलं, "राणेसाब, होडी तो आ गई. पानी किधर है?"

*

होडी कशीबशी पंपाच्या दारापासून सोडवली आणि दुसऱ्या प्रयत्नाची सूत्रं कांबळे सरांनी हातात घेतली. सर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे नांदेडकडचे, शाळेत भूमिती शिकवायचे आणि कुठल्याही गोष्टीत चटकन रंगून जायचे. त्यांनी खडू आणला, कंपाउंडच्या फरशीवर गॅरेजचा नकाशा काढला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं की सरळ रेषेत जी वस्तू मावत नाही, ती कर्णावर मावते. दांड्यासकट होडी गॅरेजपेक्षा लांब भरत होती, म्हणून ती तिरकी घालायची की काम झालं. फरशीवर तर होडी इतकी सुरेख मावली की आम्ही तिथेच टाळ्या वाजवल्या.

मग खरी होडी तिरकी ढकलली. अर्धी गेली आणि मधल्या फुगीर भागाशी येऊन खांबाला अडकली. पुन्हा ढकलली, पुन्हा अडकली. कांबळे सर खडूच्या रेघांकडे आणि होडीकडे आळीपाळीने बघत राहिले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, माझं गणित बरोबर होतं. फक्त कर्णाला पोट नसतं."

*

शेवटी सरळच घालायची ठरली. मागची बाजू आत गेली, पोटही खांबांच्या मधून अंग चोरून गेलं, आणि होडीचं वर आलेलं नाक शटरच्या पेटीला अडलं. किती कमी पडत होतं? जेमतेम वीतभर. चाकांतली हवा काढून पाहिली, तरी थोडं राहिलंच. इनास मदतीला आला होता. तो ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बोट दाखवून म्हणाला की वर वजन ठेवलं तर हे दबेल.

त्या वेळी वर आमच्या घरी भिशी चालली होती. सगळ्या जणी नटूनथटून बसलेल्या, मी साबुदाणा वड्यांचा पहिला घाणा काढत होते. हे दारात आले, घामाघूम, आणि सगळ्यांवरून एक नजर फिरवून म्हणाले, "ताई, वहिनी, जरा खाली येता का? वजन हवंय."

सगळ्या जणी एकमेकींच्या अंगाकडे बघायला लागल्या. माझे कढईतले वडे करपायला लागले. मग जयंतीभाईंच्या बायको कोकिलाबेन गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. आमच्या सगळ्यांत त्या अंगाने भारी आणि मनाने मोकळ्या. म्हणाल्या, "चलो, पहली बार किसी ने इज्जत से बुलाया है."

स्टूल लावून एकेक जण होडीत चढली. सगळ्या तळाशी मांडी घालून बसलो, माना खाली घातल्या. पुरुषांनी जोर लावला. ट्रेलर करकरला, दबला, आणि होडीचं नाक पेटीखालून अलगद सरकलं. आत छत चांगलं उंच होतं, त्यामुळे आम्ही एकेक उतरत गेलो तशी होडी पुन्हा वर आली. अंधारात घुसमटलेल्या, साड्यांना ग्रीस लागलेल्या आम्ही बायका अशा काही हसत सुटलो की बाहेर पुरुषांना वाटलं, कुणाला तरी लागलंय.

पुढे होडी बाहेर काढायचीही हीच पद्धत पडली. इनास समुद्राच्या भरतीची वेळ कळवायचा, आणि त्याप्रमाणे आमच्या भिशीची तारीख ठरायची.

*

होडी आत गेली, पण ट्रेलरचा लांब दांडा शटरच्या बाहेर राहिला. येणारा-जाणारा त्यावर ठेचकाळायचा. जयंतीभाईंनी ह्यांना बोलावून स्पष्टच सांगितलं की रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तोवर शटर पूर्ण बंद झालं पाहिजे, नाहीतर होडी कंपाउंडच्या बाहेर. बायकोने वजन दिलं म्हणून नियम बदलत नाहीत.

त्या आठवड्यात ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ऑफिसातून येऊन हे सरळ गॅरेजात जायचे आणि दांड्याकडे बघत बसायचे. विकून टाकू का, असंही एकदा पुटपुटले. मला त्या होडीचा राग यायला हवा होता, पण तिच्या तळाशी बसून हसल्यापासून ती माझीही झाली होती. आमच्या घरात तर सगळंच घडीचं होतं. पलंग घडीचा, टेबल घडीचं, खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या. मी माझी खुर्ची मिटवता मिटवता म्हटलं, "एवढ्याशा घरात आपण सगळे दुमडून राहतो. त्या दांड्यालाच काय धाड भरली आहे?"

हे हातातला घास ताटात ठेवून उठले.

पेणकरपाड्याच्या वेल्डरने दांडा मधोमध कापला आणि जाड बिजागरी बसवून दिली. रविवारी सकाळी मीटिंगच्या आधी सगळे जमले. दांडा बाजूला दुमडला, ह्यांनी शटर ओढलं, आणि ते थेट जमिनीला टेकलं. काय आरडाओरडा झाला! ह्यांनी जयंतीभाईंना मिठी मारली, आणि तेही चक्क हसले.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "कांबळे सर कुठायत?"

बंद शटरच्या आतून, होडीच्या पार पलीकडून, सरांचा समाधानी आवाज आला, "राणे, मागे अजून चार बोटं जागा आहे."

*

आता शेवटचं. पावसाळा सरला, समुद्र निवला आणि होडी पाण्यात घालायचा दिवस ठरला. जयंतीभाई म्हणाले की सेक्रेटरी म्हणून आपण यायला हवं. वीस वर्षं ते ह्या पट्ट्यात राहिले होते, पण किनाऱ्यावर कधी फिरकले नव्हते. पाण्याची त्यांना भीती होती आणि ती ते लपवत नव्हते. होडीबरोबर आलेलं नारिंगी जॅकेट त्यांनी घरातूनच अंगात चढवलं. भाईंदर ओलांडून, मिठागरांच्या कडेने, पार चौकपर्यंत ते टेम्पोत तसेच बसले होते. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती.

होडी पाण्यावर तरंगली तेव्हा हे पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे होते. इंजिन खोकलं, मग लागलं. आम्ही निघालो. जयंतीभाई दोन्ही हातांनी कड धरून, डोळे घट्ट मिटून बसले होते. बऱ्याच आत गेल्यावर इनास म्हणाला, "शेठ, डोले उघडा. बघाला पैसे लागत न्हाय."

त्यांनी डोळे उघडले. मागे किनारा लहान झाला होता. माडांची रांग, चर्चचं पांढरं टोक, बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. ते नुसते बघत राहिले. परत येईपर्यंत एकदाही डोळे मिटले नाहीत, आणि घरी जातानाही जॅकेट काढलं नाही. कोकिलाबेन काळजीत पडल्या. मला विचारत होत्या, तब्येत तो ठीक है ना?

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी दूध घेऊन परतले, तर आमचं शटर अर्धं वर. दुसरी किल्ली सोसायटीकडे असायची. खाली एक स्टूल, स्टुलाशेजारी नीट जोडून ठेवलेल्या चपला. मी वाकून आत पाहिलं. जयंतीभाई होडीत बसले होते. इस्त्रीचा सफारी, मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र, हात कडेवर सैल टेकलेले.

मला बघून ते दचकले नाहीत. थोडं सरकून त्यांनी जागा केली आणि म्हणाले, "आओ भाभी, बैठो. इधर हवा बहुत अच्छी आती है."

तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला अर्धं शटर. मी दुधाची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि स्टुलावर पाय ठेवला.