प्रज्ञाने मोजलेलं गाव

बातमी आली तेव्हा मी कांद्याच्या चाळीत होतो. ग्रामसेवकांचा फोन. "अण्णा, सरपंचबाई गेल्या... मेंदूत रक्तस्राव झाला, पुण्याला नेईपर्यंत..." सरपंच प्रज्ञा जेमतेम चाळिशीची. त्यानंतरच्या दीड महिन्यात गावातला जो तो तिच्याविषयी बोलला, मी तेवढा गप्प राहिलो. सरपंचपदाला तिच्याविरुद्ध उभा राहून एकवीस मतांनी पडलेला माणूस मीच.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावच्या बौद्धवस्तीतली ही मुलगी. पुण्याच्या कंपनीत नकाशांचं सॉफ्टवेअर करायची. घरून काम करायची मुभा मिळाली तशी आईजवळ राहायला आली आणि वर्षभरात निवडणुकीला उभी राहिली. सकाळी पंचायत, दुपारी एकनंतर कंपनी. मीटिंग चालू असताना कुणी दाखल्याला आलं की ती बोटानंच थांबायची खूण करायची, आणि माणूस ओट्यावर बसून तिचं इंग्रजी ऐकत राहायचा. मी पारावर तिला 'अर्ध्या दिवसाची सरपंच' म्हणायचो. तिच्या कानावर गेलंच असणार...

वस्तीच्या मागल्या अंगाची घरं पंचायतीच्या वहीत नव्हतीच. नोंद नाही म्हणून घराचा उतारा नाही, उतारा नाही म्हणून घरकुल नाही. माझे वडील सरपंच असतानाही हे असंच चाललेलं. प्रज्ञानं सुट्टीच्या दिवशी टेप आणि मोबाइल घेऊन घर न् घर मोजलं, आणि मोजता मोजता माझ्या गोठ्याच्या भिंतीशी आली. त्या रविवारी ती एकटीच माझ्या घरी आली, लॅपटॉप उघडून पुढ्यात ठेवला. "अण्णा, तुमची भिंत रस्त्यात चार फूट आलीय. म्हणून वस्तीत गाडी जात नाय. उद्या ग्रामसभेत नकाशा लावायचाय. आधी तुमाला दाखवावा म्हणलं."

"पडलेल्या माणसाची भिंत बरी घावली गं तुला."

"माझ्या चुलत्याचा ओटाबी दोन फूट भायेर हाय, अण्णा. त्योबी घातलाय नकाशात."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर टेप काढून स्वतः मोजलं. चार फूट भरले. भिंत वडिलांनी घातलेली. रस्ता अडतो हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

ग्रामसभेत मी उठून उभा राहिलो. "भिंत मी सवता पाडतो. पंचायतीनं माणूस लावायचा न्हाई." प्रज्ञा ग्रामसेवकांना एवढंच म्हणाली, "नोंद घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन गेलो तर तिचा चुलता आधीच तिथं उभा. स्वतःचा ओटा फोडून तो माझ्या मदतीला आला होता.

रस्ता झाला. उतारे निघाले, नवरा-बायको दोघांच्या नावानं. ते वाटायच्या दिवशी तिनं कंपनीची रजा टाकली होती. ती उतारे हातात देत होती आणि शेजारी उभा राहून नावं पुकारत होतो मी. एवढ्या मोठ्यानं मी माझ्या प्रचारातही ओरडलो नव्हतो.

परवा वस्तीतल्या यमुनाबाईंच्या दारावरून गेलो. घरकुलाचं बांधकाम खिडक्यांपर्यंत आलंय. "अण्णा, वाईच थांबा," म्हणत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून उतारा काढला. त्यांना वाचता येत नाही, पण बोट बरोबर ठेवलं. "ह्ये माझं नाव." मग बोट हळूच खाली, सरपंचांच्या सहीवर नेलं.

"आन् ही आपली प्रज्ञा."