मोठ्या विमानामागची भोवरी

त्रिविक्रम बेंगळुरूच्या विमानतळावर टॉवरमध्ये कामाला होता. १९६४ सालच्या एका दुपारी एक अवजड विमान उतरलं आणि पाठोपाठ त्रिविक्रमच्या धाकट्या भावाचं, रघुपतीचं, लहान विमान उतरायला आलं. वारा पडला होता. मोठ्या विमानाच्या पंखांनी उठवलेली हवेची भोवरी अजून तिथंच घुमत असणार. तीत सापडलेलं लहान विमान सरळ उलटतं. ती मोठ्या विमानाच्या वाटेखाली बसत जाते आणि त्याची चाकं टेकली की पुढं उठत नाही.

"एक फेरी मारून ये," त्रिविक्रमनं रेडिओवर सांगितलं.

"अण्णा, पेट्रोल संपत आलंय."

मोठ्या विमानाची चाकं टेकली ती जागा त्रिविक्रमनं खिडकीतून पाहिली. "सरी, ठीक आहे. मोठ्या विमानाच्या वाटेच्या वरूनच ये. त्याची चाकं टेकली तिथून पुढं उतर."

"पुढं धावपट्टी पुरणार नाही."

"नाही पुरली तरी चालेल. त्याच्या वाटेखाली येऊ नकोस."

विमान धावपट्टी ओलांडून शेतात घुसलं, पंख मोडला. रघुपती लंगडत बाहेर आला. त्रिविक्रम त्याच्याकडे जायला टॉवरचा जिना उतरू लागला. पण अर्ध्या वाटेत तो पायरीवरच बसून राहिला.