फिरता रंगमंच आणि शंकोबाची केबल

आमच्या नाट्यगृहाच्या वायरमनला सगळे शंकोबा म्हणत. दुकानदाराने केबलचं रीळ पुढे केलं की हा टोकाची वीतभर केबल कापायचा, सोलायचा, तांब्याच्या तारा मोजायचा आणि वरचं आवरण नाकाशी धरायचा. दुकानदार वैतागायचा. "अत्तर घ्यायला आलात का?" शंकोबा शांतपणे म्हणायचा, "अत्तर खोटं निघालं तर आग लागत नाही." चहात साखर घातली आहे असं बायकोने सांगितलं तरी तो आधी ढवळून, चाखून बघत असे.

आमचा फिरता रंगमंच पूर्वी खालून माणसं ढकलत. त्यांचे म्होरके ढकलकाका, म्हणजे शंकोबाचे साडू. मी तेव्हा नट होतो; माझ्या कितीतरी प्रवेशांना त्यांच्याच खांद्यांनी गती दिली. पुढे मी रंगमंच सोडून नाट्यगृहाच्या समितीवर गेलो. त्याच काळात रंगमंच फिरवायला तीन मोटरी आल्या, प्रत्येकीला वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्हची पेटी आली आणि ढकलकाका मोटरींना तेल-ग्रीस करायला उरले.

आठ महिन्यांत एका मोटरचं बेअरिंग तीनदा गेलं. रंगमंच फिरला की स्पीकरही गुणगुणायचे. व्यवस्थापकांचं मत पक्कं होतं : ज्याचं काम मोटरने खाल्लं, तोच तिच्यात वाळू टाकतो. शनिवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर ढकलकाकांना घरी बसवायचं ठरलं, कागदही तयार झाला. सांगायला लाज वाटते, पण ते तळघरातून वर आले की मीसुद्धा त्यांच्या खिशांकडे बघायचो.

शुक्रवारी शंकोबा हत्यारांची पिशवी घेऊन आला.

"तुम्ही साडू," व्यवस्थापक म्हणाले. "तुमचा निकाल आम्हाला आधीच माहीत आहे."

"मला नाही माहीत. त्याच्यावर माझा तुमच्याहून जास्त संशय आहे. माझी शिडी नेली त्याला तीन वर्षं झाली."

"आणून देतो म्हटलं ना," ढकलकाका पुटपुटले.

शंकोबाने बेअरिंग खोललं, रॉकेलने धुतलं आणि आतली कडी उजेडात धरली. कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या रेषा होत्या. "वाळू असती तर ओरखडे वेडेवाकडे आले असते. हे बेअरिंगमधून वीज गेल्याने झालंय."

मग त्याने भिंतीवरचा प्लास्टिकचा पाईप उघडला. तिन्ही मोटरींच्या साध्या केबली आणि माइकची तार, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून.

"ड्राइव्हमधून मोटरकडे जाणारी वीज सरळ नसते, सेकंदाला हजारो वेळा तुटत जाते," तो म्हणाला. "तिला तांब्याच्या जाळीची केबल लागते, आणि जाळी दोन्ही टोकांना गोल पकडून अर्थिंगला जोडावी लागते. प्रत्येक मोटरला वेगळा लोखंडी पाईप. माइकची तार लांबून, दुसऱ्या भिंतीने. नाहीतर ती वीज शेजारच्या तारेत शिरते, मोटरच्या दांड्यात चढते आणि बेअरिंगमधून वाट काढते. हे एका पाईपात कोंबायला कुणी सांगितलं?"

"कंत्राटदाराची हुशारी," व्यवस्थापक म्हणाले.

पण कंत्राटदाराने जाळीची केबल आणि वेगवेगळे लोखंडी पाईपच मागितले होते. नको म्हणणारा मी होतो. प्रेक्षकाला दोरी दिसता कामा नये, गाठ दिसता कामा नये, यात माझी हयात गेली होती. भिंतीवर जाड नळ्यांची रांग बघून मीच म्हणालो होतो, "ही गिरणी नाही. एक पातळ पाईप, काळा रंग द्या, सगळं त्यात घाला."

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. व्यवस्थापक माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले, जणू वाळूची पुडी आता माझ्याच खिशात असावी.

ढकलकाकांनी विचारलं, "मास्तर, म्हणजे मला काढायचा कागद तुमच्यामुळे निघाला?"

"हो."

जुना पाईप उतरवायला ढकलकाकांनी खालून हात लावला.

"तोंडी नको," शंकोबा मला म्हणाला. "नट आहात. उद्या दुसरा संवाद म्हणाल. लिहून द्या."

मी व्यवस्थापकांच्या टेबलावर बसून चार ओळी लिहिल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि ढकलकाकांचा कागद फाडला. शंकोबाने माझा कागद उचलला, दोनदा वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"तारीख राहिली," तो म्हणाला.