एका जागेवरच्या दोघी

देश नवा होता तेव्हा बाईही नव्या होत्या. शाळेची फीत कापताना साहेब म्हणाले होते, प्रत्येक मुलाला बाक मिळेल. मुलं आली, बाक काही आले नाहीत. आता बाईंची नोकरी संपत आली तरी एका बाकावर पाच जण दाटीवाटीने बसतात, उरलेले जमिनीवर आणि दारात. शंभरावर पोरं! ओरडून ओरडून बाईंचा आवाज कायमचा बसला. पोरं पाठीमागे त्यांना ‘भोंगा’ म्हणायची, ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

खिडकीजवळच्या एका पोरीने मात्र त्यांचं डोकं उठवलं होतं. आज भागाकार फाडफाड करायची, उद्या फळ्यासमोर नुसती दगडासारखी उभी. “तुझं डोकं एक दिवसाआड चालतं का गं?” बाई म्हणाल्या आणि वर्ग खो खो हसला. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या तक्रार घेऊन तिच्या घरी गेल्या.

दार उघडलं तर समोर तीच पोर, कडेवर तान्हा भाऊ. आणि बाईंच्या पाठोपाठ दप्तर घेऊन आली तीही तीच.

“वर्षाचं अंतर आहे दोघींत,” आई खाली बघत म्हणाली. “शाळेत नाव एकीचंच लागलं, जागाच नाही म्हणाले. मी कामावर जाते, बाळाला बघायला कुणीतरी लागतंच. म्हणून आलटून पालटून पाठवते. रागावू नका, बाई.”

बाई कसल्या रागावतात! दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खनपटीलाच बसल्या. “दुसरीला कुठे बसवू? माझ्या डोक्यावर?” ते म्हणाले. वर्ष संपत आलं होतं, आणि वरच्या शाळेत तर रोज ओळखपत्रावरचा फोटो बघूनच आत सोडतात, आलटून पालटून चालणार नव्हतं. तिथे एकीलाच जाता येणार होतं.

बाईंनी हे पोरींच्या घरी जाऊन सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “मग तुम्हीच सांगा. हुशार कोणती?”

बाईंनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. भागाकार येणारी यातली कोणती, ते त्यांना ओळखता येईना. वर्षभर समोर बसलेल्या पोरीचा चेहरा त्यांनी एकदाही धड पाहिला नव्हता. शंभरात कुणाकुणाचा पाहणार, हे खरंच. तरी त्यांच्या काळजाला घरं पडली.

“ही हुशार,” थोरलीने चटकन धाकटीला पुढे ढकललं. “विसरायची ती मीच.”

“झालं तर,” आई म्हणाली. “लहान तरी शिकू दे.”

बाईंना हायसं वाटलं. कौतुकाने त्यांनी धाकटीला विचारलं, “सांग बघू, चौऱ्याऐंशीला सातने भागलं तर?”

धाकटी रडकुंडीला आली. तिने बहिणीकडे पाहिलं. बाळाला थोपटता थोपटता थोरलीचे ओठ हलले.

“बारा,” धाकटी म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. “बरोबर आहे ना हो, बाई?”

थोरली बाईंकडे टक लावून बघत होती. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, आणि चपला पायात सरकवून भरल्या डोळ्यांनी बाहेर पडल्या.